रोमचा चव्हाटा

आपल्याकडे एक वाक्य वर्षातून दोनदा हमखास ऐकू येतं. एकदा उन्हाळ्यात, क्रिकेटचा मोसम रंगात आला की. आणि एकदा निवडणुकीच्या तोंडावर, फुकट धान्याचा किंवा खात्यात थेट जमा होणाऱ्या पैशांचा विषय निघाला की. कुणीतरी चष्मा पुसत म्हणतं, "रोमन सम्राटांनी हेच केलं. लोकांना भाकरी द्या, सर्कस दाखवा, लोक राजकारण विसरतात." बाकीचे माना डोलावतात, चहा येतो, विषय संपतो. गंमत अशी की हा दाखला सरकारवर चिडलेला माणूसही देतो आणि लोकांवर चिडलेलाही देतो. दोघांच्या डोळ्यांपुढे चित्र एकच असतं: तोंडात पाव आणि नजर घोड्यांवर असा आळशी, अडाणी जमाव, आणि वर सज्जात बसून गालातल्या गालात हसणारा सम्राट.

हे चित्र मला जवळजवळ उलटं वाटतं. रोमन लोक शर्यतीत रमले म्हणून त्यांचं राजकारण हातचं गेलं, असं झालेलं नाही. राजकारण आधी काढून घेतलं गेलं आणि बोलायला जागा उरली ती शर्यतीच्या मैदानात. गावात ग्रामसभा घेणं बंद करा, लोक पारावर बोलतील. पार पाडा, यात्रेत बोलतील. मग यात्रेतली गर्दी दाखवून "बघा, यांना ग्रामसभेचं काही पडलेलं नाही" असं म्हणणं हा शुद्ध कांगावा झाला. रोमबद्दल आपण तेच करत आलो आहोत.

आधी 'सर्कस' या शब्दाचा घोळ मिटवू. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली पहिली भारतीय सर्कस काढली, तेव्हापासून हा शब्द ऐकला की मराठी माणसाला तंबू, हत्ती आणि विदूषक दिसतो. लॅटिनमध्ये सर्कस म्हणजे नुसतं वर्तुळ, रिंगण. रोमची सर्कस मॅक्सिमस हे पॅलाटाइन आणि अॅव्हेंटाइन या दोन टेकड्यांमधल्या दरीत वसलेलं शर्यतीचं मैदान होतं. लांबी सहाशे मीटरच्या वर. बसणाऱ्यांचा आकडा ग्रीक इतिहासकार हॅलिकार्नेससचा डायोनिसियस दीड लाख देतो, रोमन लेखक थोरला प्लिनी अडीच लाख. धाकटा आकडा धरला तरी आपल्याकडचं कुठलंही स्टेडियम त्यापुढे लहान. एका टोकाला बारा दरवाजे, मधोमध लांबट ओटा, त्यावर पहिला सम्राट ऑगस्टस याने इजिप्तहून आणलेला ओबेलिस्क, म्हणजे दगडी सुळका. फेऱ्या सात. किती झाल्या हे लांबच्या माणसालाही कळावं म्हणून लाकडी अंडी, आणि इ.स.पू. ३३ मध्ये ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा याने त्यांच्या जोडीला डॉल्फिन बसवले. अधिकाऱ्याने पांढरा रुमाल टाकला की दरवाजे एकदम उघडायचे. पांढरा, तांबडा, निळा आणि हिरवा असे चार रंग, आणि इ.स.च्या पहिल्या शतकापासून दिवसाला चोवीस शर्यती.

ते बारा दरवाजे सरळ रेषेत नव्हते. कमानीसारख्या वळणात बसवले होते, कारण सरळ रेषेत ठेवले तर आतल्या बाजूच्या रथाला वळणापर्यंतचं अंतर कमी पडलं असतं. कुणाला कुठला दरवाजा, हे सगळ्यांदेखत चिठ्ठ्या टाकून ठरायचं. आखलेली पांढरी रेघ ओलांडेपर्यंत आपली पट्टी सोडायची नाही. ज्या शहरात न्यायालयापासून राज्यपालपदापर्यंत सगळं वशिल्यावर चालायचं, तिथे सगळ्यांना सारखी सुरुवात मिळण्याची सर्वांत कडेकोट व्यवस्था घोड्यांसाठी होती! प्रेक्षकाला हे कळत नसेल? दगडी बाकावर दिवसभर खरं-खोटं पारखत बसलेला माणूस मला तरी गुंगीतला वाटत नाही.

रथ हाकणारे बहुतेक गुलाम किंवा गुलामीतून सुटलेले. लगाम कमरेला गुंडाळलेले आणि पट्ट्यात सुरी, उलटलाच तर लगाम कापून सुटायला. अपघाताला त्यांच्या बोलीत जहाज फुटणं म्हणत. स्कॉर्पस २०४८ शर्यती जिंकून सत्ताविशीच्या आतबाहेर मेला. लुसिटानियाचा, म्हणजे आजच्या पोर्तुगालकडचा, डायोक्लीस मात्र चोवीस वर्षं हाकून, ४२५७ पैकी १४६२ शर्यती जिंकून धडधाकट निवृत्त झाला, आणि त्याची कमाई शिलालेखात शेवटच्या नाण्यापर्यंत कोरलेली आहे: ३,५८,६३,१२० सेस्टर्स. गुलामाच्या जिवावर चाललेला हा खेळ होता, त्याचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. माझा प्रश्न बाकांवर बसलेल्यांचा आहे.

ज्या वाक्यावर हा सगळा डोलारा उभा आहे ते रोमन कवी ज्युवेनलचं, त्याच्या दहाव्या उपरोधकाव्यातलं. आपण त्याचं शेपूट तेवढं उचलतो. पूर्ण म्हणणं असं आहे: आम्ही आमची मतं कुणालाच विकेनासे झालो, तेव्हापासून या लोकांनी सगळी काळजी सोडून दिली; जे एकेकाळी सत्ता, दंडचिन्हं, फौजा, सगळं काही देत होते, ते आता हात आखडून बसलेत आणि दोनच गोष्टींसाठी जीव टाकतात, भाकरी आणि शर्यती. वाक्य सुरू होतं मतापासून. 'विकेनासे झालो' यातली खोच अशी की विकायला मत उरलंच नव्हतं. इ.स. १४ मध्ये, ऑगस्टसनंतर टायबेरियस गादीवर आल्या आल्या, अधिकाऱ्यांची निवडणूक लोकांकडून काढून सिनेटकडे दिली गेली. ज्युवेनलने हे लिहिलं त्याआधी शंभर वर्षं. शंभर वर्षं ज्याच्या हातात मत नाही त्याला 'तू शर्यतीमुळे राजकारण विसरलास' म्हणायचं म्हणजे, विहीर बुजवून वर पोहता येत नाही म्हणून हिणवायचं.

या मत काढून घेण्याची एक इमारतही आहे, आणि वादात तिचं नाव कधीच निघत नाही. कँपस मार्शियस या मैदानावर रोमन लोक मत द्यायला जायचे ते कुंपण घातलेल्या आवारात. जुन्या बोलीत त्याला मेंढवाडा म्हणत, कारण मतदारांना रांगेने कोंडून सोडायचे. ज्युलियस सीझरने तिथे संगमरवरी आवार बांधायला घेतलं, अग्रिप्पाने इ.स.पू. २६ मध्ये पुरं केलं. नाव सेप्टा ज्युलिया. शेजारी मतमोजणीसाठी वेगळी इमारत उठली, डिरिबिटोरियम. इ.स.पू. ७ मध्ये ती पुरी झाली तेव्हा एका छपराखालची ती सर्वांत मोठी वास्तू होती. छपराच्या तुळयांतली शंभर फुटांची एक उरली, ती लोकांना बघायला ठेवून दिली होती. आणि छप्पर चढून वीस-एकवीस वर्षं होतात न होतात तोच मोजायला मतंच उरली नाहीत. मग काय झालं? सेप्टामध्ये ऑगस्टसच्याच हयातीत ग्लॅडिएटरांचे सामने होऊ लागले होते. पुढे तिथे उंची सामानाची दुकानं थाटली गेली. मतमोजणीच्या इमारतीत सम्राट कॅलिगुलाने बाकं टाकली आणि ऊन फार झालं की नाटकाचे खेळ तिथे भरवले. मतदानाच्या जागेवर तमाशा कुणी आणला? लोकांनी? चाव्या ज्यांच्याकडे होत्या त्यांनी.

रोमन इतिहासकार टॅसिटस इथे मध्ये पडेल. तो म्हणतो, हक्क गेला तेव्हा लोकांनी पोकळ कुजबुजीपलीकडे तक्रार केली नाही. हे मला नाकारता येत नाही. पण दोन पिढ्यांची यादवी, मुडद्यांचे ढीग आणि जप्त्या पाहून झालेल्या लोकांनी शांततेसाठी एक हक्क गिळला, याचा अर्थ घोड्यांनी त्यांना भुलवलं असा कसा होतो? घोडे तर आधीपासून होते. परंपरेने सर्कस मॅक्सिमस राजांच्या काळातली. कार्थेजशी तीन युद्धं लढणारे, कॉन्सुल, म्हणजे वर्षाचे दोन मुख्य अधिकारी, निवडणारे, कायद्यांवर मत देणारे रोमन शर्यतींना जात होते आणि वेड्यासारखे जात होते. प्रजासत्ताकाच्या शेवटच्या शतकात तांबड्या रंगाचा सारथी फेलिक्स वारला, तर त्याच्या एका चाहत्याने जळत्या चितेत उडी घेतली. विरोधी रंगवाल्यांनी लगेच उठवलं, की छे, सुगंधी द्रव्यांच्या वासाने भोवळ येऊन पडला. एवढं वेड आणि एवढा खडूसपणा असलेल्या त्याच शहरात तेव्हा निवडणुका चुरशीने लढल्या जात होत्या. वेड आणि नागरिकत्व एका घरात सुखाने नांदत होतं.

उलट, खेळांच्या जागा राजकारणाच्या जागा होत्याच, हे सांगणारा साक्षीदार वक्ता आणि पुढारी सिसेरोच आहे. रोमन जनतेचं मत तीन ठिकाणी कळतं, असं तो एका खटल्यातल्या भाषणात सांगतो: जाहीर सभेत, मतदानात आणि खेळांच्या जमावात. इ.स.पू. ५९ च्या जुलैतला एक प्रसंग त्याच्या पत्रात आहे. अपोलोच्या उत्सवातल्या नाटकात डिफिलस नावाच्या नटाच्या तोंडी ओळ आली, "आमच्या दुर्दशेवर तू थोर झालास." थोर, म्हणजे मॅग्नस, ही सीझरचा तेव्हाचा साथीदार, सेनानी पॉम्पी याची पदवी. लोकांनी ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणायला लावली. सीझर आत आला तर टाळ्या मेलेल्या. त्याच्या मागून त्याचा टीकाकार, धाकटा क्युरिओ आला तर कडकडाट. चिडलेल्या सत्ताधाऱ्यांनी धमकी दिली ती, धान्याच्या कायद्याला हात घालू अशी. भाकरी आणि खेळ अशा रीतीने एकत्र आले होते: खेळात तोंड उघडलं म्हणून भाकरी तोडण्याची धमकी.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. १८९३-९४ साली गणपती घरातून चौकात आला तेव्हा ज्यांनी नाकं मुरडली, त्यांनाही तो नुसता धांगडधिंगा दिसला होता. पण मेळ्यांच्या पदांवर पोलिसांचे कान लागलेले असत. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होतं आणि सरकारलाही, म्हणून १९१० साली त्यावर बंदी आली. तेव्हाच्या प्रेक्षकाला 'नाटकात गुंगलेला' म्हणायची कुणाची हिंमत आहे?

आता विरुद्ध बाजूचं बळ मान्य करतो, आणि ते थोडंथोडकं नाही. राज्यकर्त्यांचा हेतू लोकांना गुंतवून ठेवण्याचा होता, याची कबुली त्यांच्याच गोटातून मिळते. फ्रोंटो हा सम्राटांचा गुरू. तो सम्राट ट्राजनची तारीफ करताना लिहितो, की रोमन लोक मुख्यतः दोन गोष्टींनी ताब्यात राहतात, धान्य आणि खेळ, हे ट्राजनला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी पिलाडीस नावाच्या नर्तकाने ऑगस्टसला तोंडावर सांगितलं होतं, "लोक आमच्यात वेळ घालवतात हे तुझ्याच फायद्याचं आहे, सीझर." आणि पाचव्या शतकातला ख्रिस्ती पाद्री सॅल्व्हियन तर अंगावर काटा आणतो. आजच्या जर्मनीतलं ट्रिअर शहर पुन्हा पुन्हा लुटलं गेलं, प्रेतं रस्त्यात पडलेली, आणि वाचलेल्यांनी सम्राटाकडे मागितलं काय, तर शर्यती! भाकरी-सर्कसवाल्यांना याहून मोठा पुरावा कुठला हवा?

सॅल्व्हियन नीट वाचला तर मात्र गाडी वेगळ्या वळणावर जाते. शर्यती मागणारे कोण होते? संहारातून उरलेले 'थोडे उमराव', असे त्याचे शब्द आहेत. जमाव नाही, सरदारवर्ग. आणि हेतूचं म्हणाल, तर हेतू वेगळा आणि निष्पत्ती वेगळी. सरकारने पाणपोई घातली म्हणून तिथे जमलेल्या बायका फक्त पाणीच भरतात असं थोडंच आहे? दीड लाख माणसं एका जागी बसवली की ती एकमेकांना दिसतात. कुजबुजीला एकाएकी आवाज फुटतो. आणि सम्राट समोरच असतो. वाड्यातून मैदान दिसावं म्हणून पॅलाटाइनच्या उतारावर त्याची जागा होती. पण वाड्यातून मैदान दिसतं तसा मैदानातूनही वाडा दिसतो.

त्यामुळे शर्यतीला नुसतं येऊन भागत नव्हतं, तिथे बसून दाखवावं लागे. ज्युलियस सीझर खेळ चालू असताना पत्रं वाचत आणि उत्तरं लिहीत बसायचा, लोकांनी त्यावरून नावं ठेवली. ऑगस्टस ते ध्यानात ठेवून नीट लक्ष देऊन बघायचा. टायबेरियसने तर जाणंच टाळलं. का? चरित्रकार सुएटोनियस कारण देतो: लोकांनी काही मागू नये म्हणून, विशेषतः एका विनोदी नटाला गुलामीतून सोडायला लावल्यानंतर. याच टायबेरियसने सार्वजनिक स्नानगृहासमोरचा एक आवडता पुतळा उचलून शयनगृहात नेला होता. नाटकगृहात लोकांनी असा ओरडा केला की पुतळा परत जागेवर आला. गुंगीचं औषध पाजणारा वैद्य रोग्याला इतका घाबरतो का?

ज्यू इतिहासकार जोसेफस सांगतो, लोक शर्यतीला जमले की सम्राटापाशी गाऱ्हाणं मांडायचे आणि सम्राट सहसा नाही म्हणत नसत, हा रिवाजच होता. कॅलिगुलाच्या राजवटीच्या अखेरीस, इ.स. ४१ च्या सुमाराला, लोकांनी कर कमी करा म्हणून आरडाओरडा केला. त्याने ओरडणाऱ्यांना पकडून तिथल्या तिथे मारायला लावलं. पुढे फार दिवस तोही जगला नाही. रोमन जनतेला एकच मान असती तर बरं झालं असतं, हे त्याचं वाक्य शाळकरी पुस्तकांतही असतं. ते तो कशावरून म्हणाला हे सहसा कुणी सांगत नाही. लोक त्याच्या आवडत्या बाजूच्या विरुद्ध ओरडत होते म्हणून. इ.स. १९० मध्ये धान्याची टंचाई होती. सातवी शर्यत सुटायच्या बेताला एका उंच, उग्र चेहऱ्याच्या मुलीमागून पोरांचा घोळका मैदानात घुसला, घोषणा सुरू झाल्या, अख्खं मैदान उठून सम्राट कोमोडस राहत होता तिकडे निघालं. कोमोडसने घाबरून आपला सर्वेसर्वा क्लिअँडर याचा जीव घेतला आणि स्वतःचा वाचवला.

पण मला सगळ्यांत आवडतो तो इ.स. १९६ च्या डिसेंबरातला दिवस. सम्राट सेव्हेरस आणि त्याचा प्रतिस्पर्धी अल्बिनस यांच्यातलं यादवी युद्ध पेटायच्या बेताला. सॅटर्नेलिया सणाआधीची शेवटची शर्यत. इतिहासकार कॅसियस डिओ तिथे होता. कॉन्सुल माझा दोस्त होता म्हणून गेलो, असं प्रामाणिकपणे सांगतो. गर्दी मोजता येत नव्हती. सहा-सहा रथ धावत होते, पण नेहमीसारखा कुणाचा आवाज नाही, टाळी नाही. एक शर्यत संपली, दुसरी सुटायची होती. तेवढ्यात लोकांनी एकमेकांना गप्प केलं, मग एकाच क्षणी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि देशाच्या कल्याणासाठी एका सुरात प्रार्थना केली. मग ओरडले, "हे आम्ही कुठवर सोसायचं? कुठवर लढत राहायचं?" तसंच आणखी काही बोलून झालं आणि, डिओ लिहितो, ते पुन्हा शर्यतीकडे वळले. तालीम केलेल्या कोरससारखे एवढे लोक एकच शब्द कसे बोलले, याला दैवी प्रेरणेशिवाय त्याला दुसरं कारण सुचत नाही. सुचेल कसं? तो सिनेटर होता. बाकांवर वर्षानुवर्षं एका सुरात ओरडण्याची तालीम झाली होती, हे त्याच्या रांगेतून दिसत नसावं.

असा एक प्रसंग मी लहान आकारात पाहिला आहे. पुणे जिल्ह्यातल्या एका गावची यात्रा, बैलगाड्यांचा घाट. (बैलांच्या हालांचा प्रश्न वेगळा आणि खरा आहे, २०१४ ची बंदी, डिसेंबर २०२१ ची परवानगी, मे २०२३ चा घटनापीठाचा निकाल, हे सगळं त्यावर लढलं गेलं. त्यात इथे शिरत नाही.) दोन बाऱ्यांच्या मध्ये पुढाऱ्याचा सत्कार सुरू झाला. फेटा बांधून झाला, शाल झाली, साहेबांनी माइक हातात घेतला. बांधावरून एक म्हातारा ओरडला, "कांद्याचं बोला!" क्षणभर शांतता. मग दुसरीकडून, "कांद्याचं!" आणि बघता बघता पुरा घाट. साहेब हसले. म्हणाले, "आज शर्यतीचा दिवस आहे, आज राजकारण नको." या माणसांनी त्या वर्षात बाजार समितीत, तहसीलला, बँकेत किती खेटे घातले असतील! तिथे साहेब भेटला नाही. इथे हात लांब केला तर फेट्याचा शेमला हाती येईल इतक्या अंतरावर होता. ते बैल बघायला आले होते आणि साहेब सापडला, दोन्ही खरं आहे.

मग रंगांचं काय? निळे-हिरवे म्हणून डोकी फोडणाऱ्यांची बाजू कशी घ्यायची? धाकट्या प्लिनीचा, थोरल्याच्या भाच्याचा, एका पत्रातला हा आक्षेप आहे. हजारो मोठी माणसं पोरासारखी घोडे बघायला पुन्हा पुन्हा जातात, बरं घोड्यांचा वेग किंवा सारथ्याचं कसब बघायला जातील तर तेही नाही, त्यांचं प्रेम कापडावर. भर शर्यतीत रंगांची अदलाबदल केली तर ओरडणारेही बाजू बदलतील! आणि मी मात्र हे दिवस लेखन-वाचनात घालवतो, अशी शेवटी स्वतःची पाठ थोपटून घेतली आहे. प्लिनीचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष नाही. सारथी बदलतात, घोडे म्हातारे होतात, रंग राहतो; निष्ठा टिकणाऱ्या गोष्टीवर ठेवावी हे पोरकटपणाचं लक्षण कधीपासून झालं? प्लिनी आज महाराष्ट्रात असता तर भर शर्यतीत रंग कोण बदलतं हे पाहून त्याने पत्र फाडलं असतं. आणि वेड एकट्या जमावाचं होतं का? कॅलिगुला हिरव्यांच्या तबेल्यात जेवायला आणि राहायला जायचा, सम्राट व्हिटेलियसने निळ्यांना नावं ठेवली म्हणून माणसं मारली, आणि पुढच्या राखीव जागांवर सिनेटर बसायचे. उत्तर आफ्रिकेतल्या हेड्रुमेटमच्या थडग्यांतून शिशाचे पत्रे निघाले आहेत, हिरव्या-पांढऱ्यांचे घोडे मरोत म्हणून भुतांना घातलेले. ते लिहिणारा अडाणी नव्हता, निदान लिहिता येणारा होता.

'फुकट खाऊन दिवसभर शर्यत बघणारे' या समजाचा तर साधा हिशोबही जमत नाही. शहर सुमारे दहा लाखांचं. ऑगस्टसच्या काळात फुकट धान्य मिळणारे दोन लाखांच्या आसपास, महिन्याला माणशी पाच मोडियस, म्हणजे तेहतीस किलोच्या जवळपास गहू. घरात चार तोंडं असली तर तेवढ्यावर महिना निघत नाही. इ.स. ३५४ च्या, म्हणजे खेळ सगळ्यांत वाढलेल्या काळाच्या दिनदर्शिकेतही रथांच्या शर्यतींचे दिवस साठ-पासष्टच भरतात. उरलेले तीनशे दिवस टायबरच्या धक्क्यावर पोती कोण उतरवत होतं? भट्ट्या कोण पेटवत होतं?

हिंसेचं मी झाकत नाही, कारण माझ्या म्हणण्याची खरी अडचण तिथेच आहे. पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल, जानेवारी ५३२. फाशी देताना मचाण मोडलं, दोघे वाचले. योगायोग असा की एक निळा, एक हिरवा. त्यांना माफी द्या म्हणून १३ तारखेला हिप्पोड्रोममध्ये, म्हणजे तिथल्या शर्यतीच्या मैदानात, पहिल्या शर्यतीपासून बाविसाव्या शर्यतीपर्यंत लोक सम्राट जस्टिनियनला विनवत राहिले. त्याने उत्तरच दिलं नाही. तेव्हा निळ्यांचा निराळा आणि हिरव्यांचा निराळा असा जयजयकार थांबला आणि दोघांचा मिळून सुरू झाला. सारथ्याला उद्देशून म्हणायचा शब्द, 'निका', जिंक, तोच बंडाची घोषणा झाला. दुसऱ्याच दिवशी मागणी आली ती कापडाची नव्हती: करवसुलीचा जॉन, कायद्याचा ट्रिबोनियन आणि शहराचा यूडेमन, या तिघांना काढा. जस्टिनियनने काढलेही. पण तोवर शहर पेटलं होतं. १८ तारखेला हिप्पोड्रोममध्ये नवा सम्राट बसवायला जमलेल्या लोकांवर सेनापती बेलिसारियस आणि मुंडस यांच्या फौजा दरवाज्यांतून आत शिरल्या. इतिहासकार प्रोकोपियस मेलेल्यांचा आकडा तीस हजारांच्या वर देतो. त्या जागेला आता इस्तंबूलमध्ये घोड्यांचं मैदान म्हणतात.

चव्हाट्यावर गाऱ्हाणं मांडता येतं, ठराव होत नाही. क्लिअँडरचा जीव गेला, पण धान्याचा कारभार लोकांच्या हाती आला नाही. १९६ साली शांततेची प्रार्थना झाली, तरी दोन-तीन महिन्यांत ल्योनजवळ मोठी लढाई झालीच. ओरडण्याला दोनच उत्तरं उरतात, दया किंवा फौज. आणि कुठलं मिळेल ते सज्जात बसलेल्याच्या मर्जीवर. भाकरी-सर्कसवाले इथे मला पकडू शकतील की शेवटी हाती काय लागलं? फार थोडं. पण हे थोडं लागलं ते घोड्यांमुळे नाही, तर मतमोजणीच्या इमारतीत बाकं टाकली गेल्यामुळे. रोमचा दाखला द्यायचा असेल तर बोट त्या इमारतीकडे दाखवायला हवं. ते न करता आपण बाकावरच्या माणसाला झापतो, कारण तो समोर असतो आणि उलट उत्तर द्यायला त्याच्याकडे माइक नसतो.

हिरव्यांवर मात्र एकदा तसं उत्तर द्यायची वेळ आली होती. जस्टिनियनच्याच काळातला, हिप्पोड्रोममध्ये झालेला एक लांबलचक संवाद जपून ठेवलेला आहे. हिरवे म्हणतात, कॅलोपोडियस नावाचा अधिकारी आम्हाला छळतो. सम्राट स्वतः बोलत नाही, त्याचा भालदार ओरडून उत्तर देतो. बाचाबाची वाढते. भालदार चिडून म्हणतो, तुम्ही इथे बघायला येत नाही, राज्यकर्त्यांचा अपमान करायला येता. हिरवे आणखी गाऱ्हाणी मोजतात, आमची माणसं मारली जातात, वर आम्हालाच शिक्षा होते. निळे मधूनमधून सम्राटाच्या बाजूने हाकाटी करतात. शेवटी हिरवे म्हणतात, न्याया, तुला रामराम, तू आता राहिला नाहीस. आणि सम्राट सज्जात बसलेला असताना ते मैदान सोडून चालू लागतात.